जोहार खोऱ्यात मुक्काम करायचाय: मार्तोली-बुर्फूची माहिती हवी आहे

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उत्तराखंडातल्या मुनस्यारीहून जोहार खोऱ्यात जायचं ठरतंय. आम्ही तिघं: मी, एक मित्र आणि माझे बाबा (वय ६१). शोधलं की सगळं मिलम हिमनदीबद्दलच सापडतं. धावत वर, धावत खाली, फोटो, संपलं. मला हिमनदीचं फारसं कौतुक नाही. वाटेतल्या मार्तोली, बुर्फूसारख्या ओस गावांत दोन-तीन दिवस निवांत राहायचंय.

ही शौका लोकांची उन्हाळी गावं. बर्फ वितळलं की गुरंमेंढरं आणि बायकापोरांसकट वर यायचं, जव आणि फाफर (कुट्टूसारखं धान्य) पेरायचं, पुरुषांनी खिंडी ओलांडून तिबेटात व्यापाराला जायचं आणि थंडी पडायच्या आत खाली उतरायचं. १९६२ च्या युद्धानंतर व्यापार बंद पडला आणि गावं रिकामी होत गेली. तिबेटची वाट मोजणारे नैनसिंह रावत याच खोऱ्यातल्या मिलम गावचे. आता मोजकीच कुटुंबं उन्हाळ्यात वर जातात, बटाटा आणि जडीबुटी लावतात.

गेल्या वर्षी आम्ही वाटेतल्या बुगडियारच्या मुक्कामावरूनच परतलो. दोन दिवस पाऊस थांबेना, पुढे गोरीगंगेच्या काठची वाट खचलेली. चिडचिड करत मुनस्यारीला आलो. तिथे ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या आमा (आजीला तिकडे आमाच म्हणतात) चुलीपाशी लोकर कातत बसल्या होत्या. बोलता बोलता उठल्या आणि फडताळातून एक किल्ली काढून दाखवली. वीतभर लांब, गंजलेली. बुर्फूच्या घराची. छप्पर कधीच कोसळलंय, दगडी पाट्या आत पडल्यात, पण कोरीव चौकट उभी आहे आणि दाराला कुलूप आहे, असं त्या म्हणाल्या. पुढच्या वेळी गेलास तर दाराचा फोटो आण, एवढंच मागितलं. तेव्हा यंदा जायचंच.

आता अडचणी. सप्टेंबरअखेर मार्तोली किंवा बुर्फूत कुणी असतं का, की बटाटे काढून सगळे उतरलेले असतात? जेवणाखाण्याची सोय होईल, की शिधा आणि स्टोव्ह मुनस्यारीहूनच न्यावा? पडक्या घरात पथारी टाकणं मला बरोबर वाटत नाही, मालक हयात आहेत. तंबू गावाबाहेर कुठे लावावा, पाणी जवळ कुठे आहे?

सीमाभागात जायचा इनर लाइन परवाना मुनस्यारीच्या उपजिल्हाधिकारी कार्यालयातून घ्यायचा हे माहीत आहे. पण त्यात वाटेतल्या गावांतले जादा मुक्काम आधीच लिहून द्यावे लागतात का? आयटीबीपीच्या (भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या) चौकीवर त्यावरून कुणाला अडवलंय का? आणि मिलमच्या रस्त्याचं काम सुरू आहे, तर लीलमच्या पुढे चालायची वाट आता कुठून जाते? सुरुंगाच्या वेळी किती खोळंबा होतो?

बाबांच्या गुडघ्यांची काळजी कृपया करू नका. हरिश्चंद्रगडाला नळीच्या वाटेने त्यांनीच मला नेलंय. मार्तोली मात्र साधारण ३४०० मीटरवर आहे आणि एवढ्या उंचीवर ते कधी झोपलेले नाहीत. म्हणून बुगडियारला एक दिवस जास्त थांबावं, की त्याहून वर रेलकोटला?

गेल्या एक-दोन वर्षांत कुणी बुर्फूत गेलं असेल तर एक सांगा: कुलूप लावलेलं, बिनछपराचं, कोरीव चौकटीचं घर पाहिल्याचं आठवतंय का? की तशी बरीच आहेत?