खेळांतून आलेले इंग्रजी वाक्प्रचार : नेमके कोठे आणि कोणत्या क्रियापदासोबत वापरावेत?

प्रश्न

नमस्कार. माझे सर्व शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि गेली काही वर्षे मला कामानिमित्त रोज इंग्रजीत लिहावे लागते. व्याकरणाच्या चुका आता फारशा होत नाहीत; परंतु खेळांशी संबंधित शब्दजोड्या आणि वाक्प्रचार आले की लेखणी अडखळते. नुकत्याच एका स्पर्धेच्या वृत्तान्तात मी 'वुई वन देम' आणि 'वुई लॉस्ट फ्रॉम देम' असे लिहिले होते. ही दोन्ही वाक्ये बदलली गेली, पण कारण कोणी सांगितले नाही.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर होता. काम निम्मे झाल्यावर समोरच्या पक्षाने अटी बदलल्या, म्हणून तक्रारीच्या पत्रात मी 'द बॉल इज नाऊ इन युवर कोर्ट' असे लिहिले. 'तुम्ही खेळाचे नियमच बदललेत' असे मला म्हणायचे होते. त्यांनी मात्र मी त्यांच्या निर्णयाची वाट पाहत आहे असा अर्थ घेतला. असे वाक्प्रचार पाठ करण्याऐवजी समजून घेण्याचा काही मार्ग आहे का?

पहिले उत्तर

आपल्या पहिल्या दोन चुकांचे उत्तर मराठीतच दडलेले आहे. आपण 'सामना जिंकला' म्हणतो, पण प्रतिस्पर्ध्याबद्दल बोलताना 'त्यांना हरवले' म्हणतो. इंग्रजीत हाच भेद 'विन' आणि 'बीट' या क्रियापदांत आहे : सामना, पदक, बक्षीस किंवा पैज यांच्यासाठी 'विन', आणि माणूस किंवा संघ यांच्यासाठी 'बीट' अथवा 'डिफीट'. हरण्याच्या बाबतीत मात्र मराठी आपल्याला चकवते. आपण 'त्यांच्याकडून हरलो' म्हणतो, त्यामुळे 'फ्रॉम' हे शब्दयोगी अव्यय आपोआप सुचते, परंतु इंग्रजीत तेथे 'टू' येते : 'वुई लॉस्ट टू देम'.

'प्ले', 'डू' आणि 'गो' यांच्या बाबतीतही मराठीचा कान बहुतेक वेळा साथ देतो. आपण बुद्धिबळ खेळतो, योगासने करतो आणि पोहायला जातो. इंग्रजीतही अनुक्रमे 'प्ले चेस', 'डू योगा' आणि 'गो स्विमिंग' असेच म्हणतात. अडचण येते ती कराटे किंवा ज्यूदो यांच्यापाशी, कारण आपण तेही 'खेळतो', तर इंग्रजीत त्यांच्यासाठी 'डू' वापरतात. खेळाच्या नावाआधी 'द' लावू नये, हेही येथेच सांगतो. 'प्ले द पियानो' ऐकून अनेक जण 'प्ले द क्रिकेट' लिहितात, आणि ती चूक लगेच डोळ्यांत भरते.

एकच शब्द खेळागणिक क्रियापद बदलतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'हॅट-ट्रिक'. हा शब्द क्रिकेटमधला आहे. १८५८ साली शेफील्ड येथे एच. एच. स्टीफन्सन यांनी लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेतले आणि त्यांना टोपी भेट देण्यात आली, त्या घटनेशी तो जोडला जातो. गोलंदाज 'टेक अ हॅट-ट्रिक' करतो, फुटबॉलपटू मात्र 'स्कोअर अ हॅट-ट्रिक' करतो. असे शब्द टिपून ठेवताना नाम आणि क्रियापद नेहमी जोडीनेच लिहावे.

दुसरे उत्तर

मी आपल्या दुसऱ्या प्रसंगाविषयी लिहिते, कारण माझ्या मते खरा आनंद तेथेच आहे. वाक्प्रचाराचा अर्थ शोधण्याआधी तो कोणत्या खेळातला, कोणत्या क्षणीचा आणि कोणाच्या बाजूने पाहिलेला आहे, हे डोळ्यांसमोर आणावे. टेनिसमध्ये चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात गेला की पुढचा फटका त्यानेच मारायचा असतो. म्हणून 'बॉल इज इन युवर कोर्ट' याचा अर्थ 'आता पुढचे पाऊल तुम्ही उचलायचे' एवढाच होतो, त्यात तक्रार नाही. आपल्याला हवा होता तो 'मूव्ह द गोलपोस्ट्स', म्हणजे खेळ चालू असताना गोलचे खांबच हलवणे.

'कोणाच्या बाजूने' हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे ते 'हिट फॉर सिक्स' मध्ये दिसते. मराठीत कोणी षटकार मारला म्हणजे आपण कौतुक करतो, परंतु हा वाक्प्रचार बहुधा ज्याला षटकार बसला त्याच्याविषयी असतो. एखाद्या बातमीने माणूस 'हिट फॉर सिक्स' झाला म्हणजे तो पुरता हादरला. 'थ्रो इन द टॉवेल' मध्ये मुष्टियोद्ध्याच्या कोपऱ्यातील सहकारी सामना थांबवण्यासाठी रिंगणात टॉवेल फेकतो, म्हणून अर्थ हार पत्करणे असा झाला. 'ऑन अ स्टिकी विकेट' समजण्यासाठी खेळपट्ट्या झाकल्या जात नसत तो काळ आठवावा लागतो : पावसाने भिजलेली खेळपट्टी उन्हात वाळू लागली की चेंडू कसा उसळेल याचा भरवसा राहत नसे, आणि फलंदाजाची स्थिती बिकट होई.

बेसबॉल आपल्या ओळखीचा नसल्याने त्यातले वाक्प्रचार सर्वांत जास्त फसवतात. 'स्टेप अप टु द प्लेट' यातील प्लेट म्हणजे ताट नव्हे, तर फलंदाज जमिनीलगतच्या ज्या सपाट पाटीपाशी उभा राहतो ती 'होम प्लेट'. अर्थ : जबाबदारी घेण्यासाठी पुढे येणे. आणि 'चेकमेट' मध्ये तर आपण परके नाहीच, कारण फारसीतून आलेले आपले 'शह' आणि 'मात' हेच शब्द त्याच्या मुळाशी आहेत. 'स्टेलमेट' मात्र मात नव्हे. खेळणाऱ्याला शह नसतो आणि नियमात बसणारी एकही चाल उरत नाही, म्हणून डाव बरोबरीत सुटतो. वाटाघाटी कोंडीत सापडल्या की हा शब्द वापरतात.

तिसरे उत्तर

वरील पद्धत मला मान्य आहे, तरी तिच्यावर पूर्ण विसंबू नये असे आग्रहाने सांगावेसे वाटते. गोल्फमध्ये 'पार' म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा कमी फटके लागणे चांगले असते. परंतु 'बिलो पार' म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी प्रतीचे. खेळाचे चित्र येथे नेमके उलटा अर्थ सुचवते, कारण लॅटिनमधील 'समान' या अर्थाचा 'पार' हा शब्द दर्शनी मूल्याच्या अर्थाने आर्थिक व्यवहारात आधीच रुळलेला होता, आणि गोल्फने तो नंतर उचलला. 'फेअर गेम' मध्ये तर खेळ नाहीच. तेथे 'गेम' म्हणजे शिकारीचा प्राणी, म्हणून ज्याच्यावर टीका करण्यास मोकळीक आहे असा तो अर्थ. 'प्ले इट बाय इअर', म्हणजे आधी न ठरवता प्रसंग पाहून वागणे, हाही खेळातून नव्हे, तर संगीतातून आला आहे.

शिवाय हे वाक्प्रचार कोणत्या लेखनात शोभतात तेही पाहावे. 'लेव्हल प्लेइंग फील्ड', म्हणजे सर्वांना समान संधी, हा सरकारी अहवालातही चालतो. 'पास द बक', म्हणजे आपली जबाबदारी दुसऱ्यावर ढकलणे, हा पोकर या पत्त्यांच्या खेळातून आलेला आहे. कोणाच्या पाळीला पत्ते वाटायचे हे दाखवणारी वस्तू पुढच्याकडे सरकवणे, असे त्याचे मूळ मानले जाते. तो थेट आरोपासारखा लागतो. वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात तो वापरण्याआधी विचार करावा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. 'कोणाच्या बाजूने' हा प्रश्न मी यापूर्वी स्वतःला कधीच विचारला नव्हता. मूळ पत्र आता मी नव्याने लिहिले असून अटी बदलल्याचा आक्षेप 'द गोलपोस्ट्स हॅव बीन मूव्ह्ड' या वाक्याने मांडला आहे. कर्मणी रचनेमुळे आरोपाची धारही थोडी कमी झाली आहे. जुने वाक्य मी काढून टाकले नाही. सुधारित अटींची दोन पर्यायी रूपे जोडून ते पत्राच्या अगदी शेवटी ठेवले आहे, कारण आता पुढचा फटका खरोखरच त्यांना मारायचा आहे.