मदत हवी आहे: हत्तीच्या लिदीतल्या बिया लावल्या, आता कुंडीच्या भोकातून हे काय आलंय?

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही बोत्स्वानात, माउनला असतो. ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या वेशीवरचं गाव. इथे ताडासारखं एक झाड जिकडेतिकडे दिसतं, मोकोलवाने (शास्त्रीय नाव हायफीनी पीटर्सियाना). पानं ताडासारखीच पंख्याची, फळं मात्र लिंबाहून थोडी मोठी, तपकिरी आणि पॉलिश केल्यासारखी चकचकीत. पिकायला दोनेक वर्षं लागतात आणि पिकली तरी झाड सोडत नाहीत. मग हत्ती येतो, खोडाला कपाळ टेकवतो आणि झाड गदागदा हलवतो. वरून फळं टपाटपा पडली की सोंडेने एकेक वेचून तोंडात. मी गाडीत बसून वीस मिनिटं हे बघितलंय, एकही फळ सोडलं नाही पठ्ठ्याने.

ऑक्टोबरात शोरोबेच्या रस्त्याकडेला वाळकी लीद दिसली. काडीने फोडली तर आत 7 बिया, वरचा धागेदार गर गेलेला, कवच शाबूत. घरी आणल्या (नवऱ्याचा चेहरा काय झाला ते विचारू नका), दोन दिवस भिजवल्या आणि फूटभर उंच कुंड्यांत लावल्या. शेजारच्या आजी याच झाडाच्या कोवळ्या पात्यांच्या टोपल्या विणतात, त्यांनी दिलेली 3 अख्खी फळंही लावली.

आता मार्च उजाडला, वर हिरवं टिपूसही नाही. परवा वैतागून एक कुंडी उचलली, तर तळाच्या भोकातून करंगळीएवढं जाड, पांढरं, मुळ्यासारखं काहीतरी बाहेर येऊन फरशीवर वाकडं झालंय! हे मूळ आहे का? छाटू का? आणि अख्खी फळं ढिम्म आहेत, म्हणजे बी हत्तीच्या पोटातून जावंच लागतं का?

— माउनची सून

बागवेडा पालघर: ताई, कात्री आधी खाली ठेवा! ते साधं मूळ नाही, त्याच्या टोकात तुमचं झाड आहे. आपला ताडही असाच रुजतो. बी जागेवरच राहतं, त्यातून एक नळी खाली जमिनीत शिरते आणि रोपाचा कोंब तिच्या टोकाशी, खोलवर फुटतो. वरच्या वणव्यापासून आणि तुडवण्यापासून लांब. तमिळनाडूत ताडाचे असे खाली गेलेले जाड कोंब उपटून उकडून खातात, पनंगिळंगु म्हणतात. छाटलंत तर झाडच संपलं. बी पण तोडू नका, आतल्या टणक पांढऱ्या गरावरच ते अजून जगतंय. कुंडी फोडा, माती न झटकता सगळं खोल भांड्यात हलवा. नळाचा जाड पाइप दोन-अडीच फूट कापून उभा केलात तरी चालेल.

हत्ती लागतोच असं नाही. त्याचं काम दोन प्रकारचं, गर काढून टाकणं आणि बी आईच्या सावलीतून लांब नेऊन खतासकट टाकणं. पहिलं तुम्ही सुरीने करू शकता. फळं उकरा, गर खरवडा, भिजवून पुन्हा लावा.

दोडामार्गकर: तुमचे हत्ती बिया तरी परत करतात. आमच्याकडचे भेडलेमाड (ताडाच्याच कुळातलं झाड) आडवा करतात, गाभा खातात आणि पुढच्या बागेत जातात. नुकसानभरपाईचा अर्ज सोंडेने भरून देतील तर बरं 😄

माउनची सून: @बागवेडा, वाचवलंत हो. कुंडी हातोडीने फोडली. नळी वाकली होती पण मोडली नाही, आता पाइपात उभी आहे. बाकीच्या 6 कुंड्यांच्या भोकांत टॉर्च मारून पाहिलं, अजून दोघांत पांढरं टोक दिसतंय. एकच विचारायचं राहिलं. आजी म्हणतात नर झाडाला फळं धरत नाहीत. रोप असताना नर-मादी ओळखता येतं का?

बागवेडा पालघर: नाही. फुलोरा आल्यावरच कळतं, आणि त्याला बरीच वर्षं जातात. म्हणून तिन्ही जगवा. अंगणात नको, कुंपणापाशी लावा. फळं धरली तर पाहुणे येणारच, भिंत तरी वाचेल.