सेकंडहँड, गिअरची आणि चालवायला मजा येईल अशी गाडी: ठाणे–नवी मुंबईकरांनो, अनुभव सांगा

धागा काढणारा, माजिवडा

घरात एक ऑटोमॅटिक आहे. ती बायको चालवते, मी शेजारी बसून ब्रेक दाबतो. आता मला रविवारी पहाटे एकट्याने काढायला एक दुसरी गाडी हवी आहे. बजेट पाच लाख, फार ताणलं तर साडेपाच. गिअर हाताने टाकायचाच.

मी गाडी शिकलो ती वडिलांच्या पद्मिनीवर, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. दुसरा पडला की नाही हे डोळ्यांनी नाही, मनगटाला कळायचं. तेच पुन्हा हवंय. मुलाला म्हटलं, 'स्पोर्ट्स कार बघतोय,' तर तो इतका हसला की हातातली पोळी खाली पडली. पोरगं खोटं हसलं नाही. आपल्याकडे गिअरवाली, दोन दारांची, खिशाला झेपेल अशी स्पोर्ट्स कार जवळजवळ कधी आलीच नाही. गोव्याच्या कंपनीची सॅन स्टॉर्म आली होती, ती आता औषधालाही दिसत नाही. म्हणजे आपली स्पोर्ट्स कार म्हणजे जोरकस इंजिनाची हॅचबॅक, हे मी मान्य केलंय.

तर, तुम्ही काय घेतलं, काय बघून घेतलं, कुठे फसलात? आणि घेतल्यावर चालवता कुठे? घोडबंदर रोडवर तर पहिल्या गिअरचीच मजा मिळते.

ऐरोलीकर

२००७ ची स्विफ्ट, १.३ पेट्रोल. २०१४ मध्ये एका बँकवाल्या काकांकडून घेतली, अजून आहे. १५ वर्षं झाल्यावर आरटीओत नेऊन पुन्हा पासिंग केलं, पर्यावरण कर भरला, पुढच्या पाच वर्षांचा शिक्का मिळाला.

हे १.३ इंजिन म्हणजे ८७ अश्वशक्ती आणि गाडी एक टनाच्या आसपास. कागदावर काहीच नाही. पण चार हजार आरपीएमच्या पुढे तिचा आवाज बदलतो आणि मग ती सोडत नाही. २०१० मध्ये मारुतीने त्याजागी १.२ टाकलं, कारण १२०० सीसीच्या आत आणि चार मीटरच्या आत बसणाऱ्या पेट्रोल गाडीला अबकारी कर कमी होता. १.२ जास्त शहाणं इंजिन आहे, अॅव्हरेजही बरं देतं. पण माझ्या गाडीत जो थोडा वात्रटपणा आहे तो त्यात नाही.

ऐरोली पुलावर पहाटे, खाडीचा वास, दुसऱ्यावरून तिसरा. वेग बघाल तर साठ-सत्तर. तेवढ्यात पोट भरतं. मजेसाठी वेग लागतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा हलकी गाडी चालवून बघावी.

मानपाड्याहून

ऑटोमॅटिक घ्या. ठाण्यात मजा म्हणजे सिग्नल सुटणं.

वाशीची ताई

मी फोक्सवॅगनची पोलो जीटी टीडीआय चालवते, १.५ डिझेल, पाच गिअर. घ्यायला गेले तेव्हा विकणारा पहिलं वाक्य काय बोलला? 'मॅडम, तुम्हाला ऑटोमॅटिक दाखवू?' मी म्हटलं, दाखवा, तुमच्याचसाठी घेते. मग गप्प बसला.

१०५ अश्वशक्ती आणि २५० एनएम टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद. दोन हजार आरपीएमच्या खाली मॅडम झोपलेल्या असतात, वर गेलं की मागून कुणीतरी ढकलल्यासारखं होतं. द्रुतगती मार्गावर राणी. पण तुर्भे नाक्यावर संध्याकाळी सात वाजता? क्लच जड आहे, डावा गुडघा बोलायला लागतो. चाळिशीपुढच्यांनी टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या रस्त्यावर घेऊ नका. मुद्दाम गर्दीत घ्या, अर्धा तास. विकणारा नको म्हणेल, तरी घ्या.

आणि पाम बीच रोडवर काही दाखवायला जाऊ नका. कॅमेरे आहेत, चलान घरी येतं, ते नवऱ्याच्या नंबरवर येतं.

एक सावधगिरी. जाहिरातीत 'जीटी टीएसआय, १.२, मॅन्युअल' असं दिसलं तर फोनच करू नका. १.२ टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल, आपल्याकडे फक्त डीएसजी ऑटोमॅटिकमध्ये आली. गिअर असेल तर डिकीवरचा बिल्ला बाजारातून आणून चिकटवलेला आहे. पेट्रोल टर्बो आणि गिअर दोन्ही हवं असेल तर २०२० नंतरची १.० टीएसआय बघा, ११० अश्वशक्ती, सहा गिअर. मात्र ती तुमच्या बजेटच्या वर जाईल, पोलो बंद झाल्यापासून भाव उतरायला तयार नाहीत.

वागळे इस्टेट, गॅरेजवाला

साहेब, सगळे मॉडेल सांगतायत. मी तीस वर्षं गाड्या खोलतोय, मी मालक बघायला सांगतो. चांगल्या हातातली साधी गाडी घ्या, वाईट हातातली भारी नको. मजेची गाडी विकायला येते तेव्हा तिच्यावर आधी कुणीतरी मजा केलेली असते, हे विसरू नका.

गाडी बघायला जाताना वेळ सांगायची अकराची, पोचायचं साडेदहाला. पहिलं काम, बॉनेटवर तळहात. गरम लागलं तर मालकाने आधीच चालू करून ठेवली आहे. का ठेवली, ते विचारा. गार इंजिन खोटं बोलत नाही. चालू करताना मागे कुणाला तरी उभं करा. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. टर्बोवाली असेल तर दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवून मग एकदम रेस करा आणि पुन्हा मागे बघा.

मग गिअर. शहरात सगळ्यात जास्त मार खातो तो दुसरा. दिवसभर तिसऱ्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा. त्याची सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर अलगद बसवणारी कडी, आधी झिजते. गाडी गार असताना, रस्त्यावर, तिसऱ्यातून दुसरा घाईत टाका. जड गेला तर चालेल, गिअरऑइल गार असतं. पण 'कर्रर्र' झालं तर समजा गिअरबॉक्स उतरवायचा आहे, आणि त्याचे पैसे किंमतीतून कापा.

क्लच बघायला हँडब्रेक ओढा, तिसरा टाका, हळूहळू क्लच सोडा. इंजिन पटकन बंद पडलं तर क्लच धरतोय. घुरघुरत राहिलं तर प्लेट गेली. हे एकदाच करायचं, पाच वेळा केलं तर तुम्हीच प्लेट घालवाल.

किलोमीटर काट्यावर बघू नका, काटा कुणीही मागे नेतो. पेडलचं रबर बघा, गिअरच्या लट्टूवरचे आकडे पुसलेत का बघा. काट्यावर अडतीस हजार आणि क्लच पेडल गुळगुळीत, असं होत नाही. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. अडतीस हजारांच्या गाडीला चारही टायर नवे कशाला लागले?

पाण्यात बुडालेली गाडी ओळखायची तर सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. सीट धुतात, गालिचा बदलतात, बेल्टच्या आतल्या टोकाची मातकट रेघ कुणी धूत नाही.

सायलेन्सर बदललेली, रिमॅप केलेली (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली) गाडी असेल तर माझा सरळ सल्ला, सोडून द्या. पोराने किती पिळली याचा हिशेब कुठे लिहिलेला नसतो.

कळवेकर

काका, लट्टूचं लक्षात ठेवतो. माझ्याकडे तीन वर्षं फियाटची अबार्थ पुंटो होती. १.४ टी-जेट, १४५ अश्वशक्ती, २१२ एनएम, रांजणगावला बनलेली. हायड्रॉलिक स्टिअरिंग, म्हणजे रस्ता हाताला सांगतो काय चाललंय. अशी गाडी परत होणे नाही. सोसायटीच्या पोडियमच्या रॅम्पवर तिचं पोट घासायचं. वॉचमनला आवाजावरून कळायचं कोण आलं. पार्टसाठी पुण्यापासून कोइमतूरपर्यंतच्या मालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप हाच आधार. विकली त्या रात्री जेवलो नाही. पण एकच गाडी ठेवणाऱ्याने घेऊ नये.

खारघरहून

माझी चूक सांगतो. एका डीलरकडे डिझेलची दणकट सेडान दिसली, इथल्या भावापेक्षा दीड लाखाने स्वस्त. दिल्लीची होती. तिकडे तेव्हा दहा वर्षांवरच्या डिझेलला बंदी होती, म्हणून त्या गाड्या बाहेर निघायच्या. डीलर म्हणाला, 'एनओसी आहे, पंधरा दिवसांत एमएच ४६ करून देतो.' लागले सात महिने. इथला रस्ता कर वेगळा भरला. आधीच्या मालकाचं कर्ज फिटलं होतं पण हायपोथेकेशन, म्हणजे बँकेच्या तारणाची नोंद, आरसीवर तशीच होती, त्यासाठी फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र आणायला दिल्लीला माणूस शोधला. दीड लाखाची बचत कुठे गेली विचारू नका. सात महिने गाडी पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी आणि मी बसने बेलापूरला.

टोकन द्यायच्या आधी गाडीचा नंबर टाकून परिवहनच्या साइटवर स्वतः बघा, डीलरच्या मोबाइलवर नाही.

नेरुळहून

टियागो जेटीपी कुणी सुचवली नाही? २०१८ ची, १.२ टर्बो, टाटा आणि कोइमतूरच्या जयेमने मिळून केलेली. थोड्याच निघाल्या. मिळाली तर डोळे मिटून घ्या. डोळे मिटण्याआधी मात्र आरसीवरचं मॉडेल वाचा, कारण साध्या टियागोला स्टिकर लावून फिरणारे मी दोन पाहिलेत.

धागा काढणारा, माजिवडा (अडीच महिन्यांनी)

सगळ्यांचे आभार. सात गाड्या बघितल्या.

मानपाडेकर, तुमचं खरं आहे, पण मग ठाण्यात राहणाऱ्याने गाणंही ऐकू नये, हॉर्नमध्ये काय ऐकू येतं?

एक लाल हॅचबॅक जवळजवळ घेतली होती. मालक म्हणाला, सहा वर्षांत एक ओरखडा नाही. इन्शुरन्सची पॉलिसी मागितली तर त्यावर नो क्लेम बोनस २० टक्के. सहा वर्षं क्लेम नसता तर ५० असायला हवा होता. २० म्हणजे मधे क्लेम घेतलाय, आणि त्यानंतर क्लेमशिवायचं एकच पूर्ण वर्ष धरलंय. मी काही बोललो नाही, नुसतं बोट ठेवलं. तो म्हणाला, 'ते मागच्या बंपरचं होतं.' बॉनेटच्या बोल्टवर पाना फिरल्याच्या खुणा होत्या. चहा पिऊन निघालो.

दुसरी एक ठीक होती, पण बॉनेट गरम. वेळेआधी पोचलो होतो, मालक ओशाळला.

शेवटी मारुतीची बलेनो आरएस, २०१८ ची. बेलापूरच्या एका डॉक्टरांची, पहिलेच मालक. १.० टर्बो, १०२ अश्वशक्ती, १५० एनएम, वजन साडेनऊशे किलोच्या आसपास, चारही चाकांना डिस्क. दिसायला इतकी साधी की मुलगा म्हणाला, 'ही तर शेजारच्या काकूंकडे पण आहे.' तेच मला आवडलं. सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या एका फाइलमध्ये, तारखेप्रमाणे लावलेल्या. डॉक्टर विकत होते कारण त्यांचाच गुडघा. वाशीच्या ताईंची आठवण झाली. पाच लाख वीस सांगितले, पाच लाख दहाला दिली. आरसी नावावर झाली, इन्शुरन्स १४ दिवसांत बदलून घेतला. बोनस अर्थातच डॉक्टरांकडे राहिला, तो गाडीबरोबर येत नाही, हे मला माहीत नव्हतं.

पहिल्या रविवारी पावणेपाचला निघालो. कल्याण, मुरबाड, माळशेज. टोकावड्याच्या पुढे रस्ता चढायला लागतो, तिथे एका वळणाआधी तिसऱ्यातून दुसऱ्यात घातली, टाच थोडी गॅसवर, आणि गाडी न हिसकता वळली. वेग चाळीस होता. मागे दुधाचा टेम्पो होता, त्याने हॉर्न मारला.

वागळेवाले काका, एक विचारायचं होतं. सकाळी पहिली दहा मिनिटं दुसरा गिअर थोडा कुरकुरतो. कर्रर्र नाही, पण गुळगुळीतही नाही. शनिवारी घेऊन येऊ का?

वागळे इस्टेट, गॅरेजवाला

या. आठच्या आत. आणि गरम करून आणू नका. माजिवड्यापासून इथवर येईपर्यंत ती गरम होईल, म्हणून शुक्रवारी रात्रीच गॅरेजला लावून जा.