काजू कारखान्यातल्या कामगारांसाठी अडीनडीचा निधी: किती ठेवावा, कसा द्यावा?

कुडाळचा_गर (प्रश्न)
कुडाळ भागात काजू प्रक्रिया कारखाना आहे. ४८ कामगार, बहुतेक बायका. कटिंग-पीलिंगची मजुरी किलोवर, बाकीचे पगारी. घरावर माड पडला, साप चावला, घरातलं कर्तं माणूस गेलं, असं काही झालं की सध्या तोंडी उचल देतो आणि वहीत लिहितो. पण उचल मजुरीतूनच कापायची, म्हणजे जो अडचणीत आहे त्याचाच पुढचे चार महिने हात आखडतो. परत न घेण्याच्या मदतीसाठी मालक वर्षाला दीड लाख बाजूला काढायला तयार आहेत. विचारायचं ते असं: ट्रस्ट करावा का? कामगारांकडून वर्गणी घ्यावी का? कागद कोणते मागावेत? आयकराचं काय? आणि गणपतीची उचल यातच बसवावी का?

लेखा_वेंगुर्ला
ट्रस्ट नको. १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ४०अ(९) बघा. पीएफ, ग्रॅच्युइटी, सुपरॲन्युएशन (निवृत्तीनंतरच्या लाभाचा निधी) किंवा कायद्याने सक्तीचा निधी सोडला, तर मालकाने कामगारांच्या ट्रस्टला किंवा निधीला दिलेले पैसे खर्च म्हणून वजा मिळत नाहीत. नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, तेवढं सीएकडून जुळवून घ्या. तेच पैसे कारखान्याच्या खात्यातून थेट कामगाराला दिले, मागे लेखी धोरण ठेवलं, तर कामगार कल्याणाचा खर्च म्हणून दाखवता येतात. धोरण दोन पानांचं पुरे, पण ते मदत देण्याआधीच्या तारखेचं हवं.

कामगाराच्या हातात ही रक्कम पगाराच्या उत्पन्नात धरली जाते. पण नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर पडत नाही, त्यामुळे तुमच्याकडे तो प्रश्न कागदावरच राहील. कामगार नोकरीत असताना वारला आणि मालकाने आपणहून वारसांना एकरकमी मदत दिली, तर ती करपात्र नाही. सीबीडीटीचं (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ) १९९० चं परिपत्रक क्र. ५७३ त्यासाठीच आहे.

दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. एक, एका दिवशी एका माणसाला १०,००० च्या वर रोख दिली की तो खर्च अमान्य. दुसरं, कंपनी असेल तर हे पैसे सीएसआरमध्ये (कंपन्यांनी समाजासाठी करायचा खर्च) दाखवायचा मोह होतो. स्वतःच्या कामगारांच्या फायद्याचं काम सीएसआरमध्ये धरत नाहीत.

आणि निधीत शिल्लक उरली म्हणून दिवाळीला सगळ्यांना सारखी वाटू नका. ठरावीक वेळी सरसकट दिलेली रक्कम वेतनच आहे, असं पीएफवाले म्हणू शकतात.

मस्टरवाला
करापेक्षा अवघड भाग वाटपाचा. दीड लाख आणि ४८ माणसं धरून मांडतो.

तीन पायऱ्या ठेवा. ३,००० त्याच दिवशी, फारशी चौकशी न करता. ८,००० घर राहण्याजोगं नसेल किंवा तीन दिवसांपेक्षा जास्त दवाखान्यात राहावं लागलं तर. १५,००० कामगाराच्या किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्या घरच्या माणसाच्या मृत्यूला. एका घराला वर्षात १५,००० च्या वर नाही. पायऱ्या आकड्यात लिहिल्या नाहीत तर प्रत्येक वेळी घासाघीस होते आणि जो जास्त बोलतो त्याला जास्त मिळतं.

दीड लाखातले ६०,००० दर वर्षी १५ मे ते ३१ ऑक्टोबर फक्त वादळ-पुरासाठी अडकवून ठेवा. घरच्या अडचणी एकेक येतात, पण वादळात वीस घरं एकाच दिवशी येतात. वीस गुणिले ३,००० म्हणजे तेच ६०,०००. पावसाळा जूनला सुरू होतो म्हणून १ जूनपासून राखू नका. तौक्ते वादळ २०२१ च्या मे महिन्याच्या मध्यावरच आलं होतं. उरलेल्या ९०,००० मध्ये दोन मृत्यू, पाच मोठी आजारपणं किंवा पडलेली घरं आणि सहा छोट्या अडचणी बसतात, दोन हजार उरतात. वर्षअखेरची शिल्लक पुढच्या वर्षात ओढा, तीन लाख साठले की नवी भर थांबवा.

कागद: पहिल्या पायरीला फोनवरचा फोटो किंवा दवाखान्याचा केसपेपर पुरे. पुढच्या पायऱ्यांना ग्रामपंचायतीचा दाखला, पंचनाम्याची प्रत, डिस्चार्ज कार्ड यांपैकी काहीही एक, तेही पैसे दिल्यानंतर १५ दिवसांत. तलाठ्याच्या पंचनाम्यावर पैसे अडवू नका, मोठ्या वादळानंतर तो कधी होईल याचा नेम नसतो. आणि घराची मालकी तर अजिबात मागू नका. आपल्याकडे सातबारा सामायिक, घरपट्टी वारलेल्या आजेसासऱ्याच्या नाहीतर मुंबईच्या चुलत दिराच्या नावावर. सून तिथे वीस वर्षं राहतेय, पण कागदावर कुठेच नाही. राहते का, एवढंच विचारा.

सरकारी मदत मिळणार म्हणून तुमची कापू नका. २०२२ ते २०२६ च्या केंद्रीय निकषांत अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,००० धरलेत, तेही नुकसान किमान १५ टक्के असेल तर. कौलं आणि वासे बदलायला ते पुरत नाहीत.

खाडीपट्टा
वर्गणीबद्दल कोणी बोललं नाही. माझं मत: घेऊ नका. महिना २० रुपये घेतले की वर्षाला ४८ जणांचे ११,५२० होतात आणि त्यासाठी प्रत्येकीची लेखी संमती, वेगळा हिशेब, सोडून जाणारीचा परतावा, एवढं मागे लागतं. शिवाय ‘मी भरलंय, मला मिळालंच पाहिजे’ हा हक्क तयार होतो. त्यापेक्षा बचत गट वेगळा राहू दे.

निर्णय तिघांनी घ्यावा, त्यात कामगारांमधून निदान एक बाई. पण एकाच वाडीतल्या दोघी नकोत, कोणाच्या घरात काय चाललंय ते संध्याकाळपर्यंत वाडीभर होतं. नोंदवहीत नावाऐवजी मस्टर नंबर लिहा. मुकादमाला समितीत घेऊ नका, सुपरवायझरलाही नको. नाहीतर रविवारी कामाला न येणारीचा अर्ज मागे पडतो.

कुडाळचा_गर
खूप उपयोगी. दोन शंका. ठेकेदाराकडून आलेल्या सात जणींना द्यायचं का? आणि पैसे खात्यात टाकले की मायक्रोफायनान्सचा हप्ता आपोआप कापला जातो, त्यावर काय करता येईल?

मस्टरवाला
ठेकेदाराकडून आलेल्या बायकांनाही द्या, फक्त धोरणात ‘कारखान्याच्या आवारात सलग ९० दिवस काम’ अशी अट लिहा. त्यांच्या घरावर वेगळं वादळ येत नाही.

हप्त्याचं: अर्जातच ‘पैसे कोणत्या खात्यात हवेत’ असा रकाना ठेवा. नवऱ्याचं, मुलीचं, कुठलंही चालेल, मात्र सही तिची. दवाखान्याचं बिल असेल तर थेट दवाखान्याला भरा. वादळानंतर वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात, तेव्हा मे ते ऑक्टोबर तिजोरीत १०-१५ हजार रोख ठेवा आणि व्हाउचरवर सही घ्या. कर्जाचा थकलेला हप्ता फेडायला मदत द्यायची नाही, हे मात्र स्पष्ट लिहा. एकाचा भरलात की निधी सावकारांच्याच घरी जातो.

लेखा_वेंगुर्ला
निधी जिथे खर्चायचा नाही ते सांगतो. उपचाराचा मोठा खर्च ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) किंवा राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेवर जाऊ दे. ईएसआय लागू असेल आणि पगार २१,००० पर्यंत असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं, मात्र आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. किलोवर काम करणाऱ्यांचे दिवस मस्टरवर नीट चढले नाहीत तर नेमकं इथेच गाडं अडतं. सिंधुदुर्गातला रुग्ण गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात हलवला की खरी चणचण बिलाची नसते. सोबतच्या माणसाचं जेवण, येणं-जाणं आणि दोघांचा बुडालेला रोज, ही ती चणचण. तुमचे ३,००० तिथे लागतात.

मृत्यूनंतर पीएफशी जोडलेल्या ईडीएलआय विम्यातून अडीच ते सात लाख मिळू शकतात. ई-नामांकन केलेलं नसेल तर वारस दाखल्यात महिने जातात. आत्ताच ४८ जणांची यादी काढून नामांकन तपासा, त्याला एक पैसा लागत नाही. जून आणि डिसेंबरला कामगार कल्याण निधी कापत असालच. कामगार कल्याण मंडळाकडे गंभीर आजाराला मदत आहे, पण अर्ज कामगारानेच करायचा असतो आणि बहुतेकींना ठाऊकच नसतं.

गणपतीची उचल पूर्ण वेगळी ठेवा. गणपती दरवर्षी येतात, ती अडचण नव्हे. कापताना ठरावीक रुपये न कापता त्या महिन्याच्या मजुरीच्या १० टक्के कापा. कच्ची बी संपत आली की काम कमी होतं, तेव्हा ठरावीक ५०० चा हप्ता जड जातो. सगळ्या कपाती मिळून ५० टक्क्यांच्या वर जाता कामा नये, हा तर कायदाच आहे. आधीची उचल फिटायची असतानाच घरावर झाड पडलं, तर मदत द्या आणि उचलीचे हप्ते दोन महिने थांबवा. मदतीतून उचल वळती करून घेऊ नका.