‘वादासाठी फक्त जळगाव कोर्ट’ ही ओळ भांडून लिहून घ्यावी का?

चटईवाला, जळगाव एमआयडीसी

दिल्लीच्या एका खरेदीदाराला 6 लाख 40 हजारांच्या चटया पाठवल्या. आठ महिने झाले, पैसे नाहीत. माझ्या बिलाच्या तळाशी वडिलांच्या काळापासून ‘सब्जेक्ट टू जळगाव ज्युरिस्डिक्शन’, म्हणजे वाद जळगावच्या कोर्टात, असं छापलेलं आहे. त्या भरवशावर वकिलाकडे गेलो. त्यांनी बिल बाजूला सरकवलं आणि विचारलं, “त्यांची पर्चेस ऑर्डर कुठंय?” मोबाइलमध्ये होती. चौथ्या पानावर, अठराव्या कलमात: वाद झाल्यास फक्त दिल्लीचं न्यायालय. त्याखाली माझी सही आणि कारखान्याचा गोल शिक्का. ते पान मी कधी उघडलंच नव्हतं.

माझं मत स्पष्ट आहे. भावात किलोमागे रुपयासाठी आपण अर्धा तास घालतो, तेवढंच भांडण कोर्ट कुठलं यासाठीही घालायला हवं. एका तारखेला दिल्लीला जायचं म्हणजे दोन रात्री रेल्वेत, तिथल्या वकिलाची फी वेगळी, आणि इथे लूम कामगारांच्या भरवशावर. हे मोजूनच समोरचा पैसे दाबून बसतो.

मुनीम, धुळे

भाऊ, तुमचा पैसा अडकला याचं वाईट वाटतं, पण मत पटलं नाही. मोठा खरेदीदार आपल्यासाठी छापील कलम बदलत नाही. हट्ट धरला तर ऑर्डर शेजारच्या प्लॉटवर जाते.

आणि समजा जळगावात दावा जिंकलात. त्याचं गोदाम दिल्लीत, खातं दिल्लीत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 39 प्रमाणे हुकूमनामा अंमलबजावणीसाठी तिकडच्या कोर्टात पाठवून घ्यावा लागणार, वसुलीची दरखास्त तिथे चालणार. मग दिल्ली कुठे चुकली? त्यापेक्षा निम्मी रक्कम आगाऊ घ्या आणि बिल्टी, म्हणजे माल सोडवायची ट्रान्सपोर्टची पावती, बँकेमार्फत पाठवा. पैसे भरल्याशिवाय त्याच्या हाती बिल्टी पडणार नाही. एवढी वर्षं खतावण्या लिहिल्यावर माझा यावरच विश्वास आहे.

वकील, अमळनेर

दोघांच्या बोलण्यात थोडी दुरुस्ती करतो.

करारात कोर्टाची ओळ असो वा नसो, कायदा आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 20 कडे बघतो. प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा करतो ते ठिकाण, किंवा दाव्याचं कारण पूर्ण अथवा अंशतः जिथे घडलं ते ठिकाण. करार कुठे झाला, माल कुठे द्यायचा होता, पैसे कुठे मिळायचे होते, यावरून कारण कुठे घडलं ते ठरतं. अशी दोन-तीन कोर्टं पात्र ठरली, तर त्यातलं एक करारानं निवडता येतं. पण ज्या कोर्टाचा व्यवहाराशी काहीच संबंध नाही, त्याला दोघांनी सह्या करूनही अधिकार देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा हाकम सिंग खटल्यातला 1971 चा निकाल हेच सांगतो. म्हणजे विक्रेता जळगावचा, खरेदीदार दिल्लीचा आणि कलमात ‘फक्त चेन्नई’ असेल, तर ते टिकणार नाही. चटईवाल्या दादांच्या व्यवहारात दिल्ली मुळातच पात्र आहे, म्हणून ते कलम जड जातं. बिल आपण एकट्यानं फाडतो, ऑर्डरवर दोघांच्या सह्या असतात.

‘फक्त’ या शब्दावरही बराच काथ्याकूट झाला आहे. 1989 च्या एबीसी लॅमिनार्ट खटल्यात कलम ‘खेडा न्यायक्षेत्र’ एवढंच होतं, ‘फक्त’ नव्हतं, म्हणून सेलमचं कोर्टही चाललं. 2013 च्या स्वस्तिक गॅसेस निकालात मात्र ‘फक्त’ नसलं तरी पक्षांचा हेतू दिसला की पुरे, असं ठरलं. तरी लिहिताना ‘फक्त’ घालाच.

आणि काहीच लिहिलेलं नसलं तर काय होतं, त्याचं उदाहरण आपल्या शेजारचं आहे. 1959 साली अहमदाबादच्या व्यापाऱ्यानं खामगावच्या जिनिंग-तेल मिलला फोन करून सरकीची ढेप मागवली. मिलनं फोनवरच होकार दिला. पुढे माल न दिल्याचा दावा अहमदाबादेत लागला. मिल म्हणाली, होकार आम्ही खामगावात दिला, करार इथला. सर्वोच्च न्यायालयानं 1965 मध्ये ठरवलं की फोनवरचा होकार जिथे ऐकला गेला, तिथे करार झाला. म्हणजे अहमदाबाद.

मुनीम, धुळे

साहेब, ही तर माझ्याच बाजूची गोष्ट झाली. 1959 चा सौदा, 1965 पर्यंत भांडण कशाचं, तर दावा कुठल्या गावात चालवायचा याचं. ढेपेचे पैसे कोणी कोणाला द्यायचे हा प्रश्न अजून पुढेच होता.

चटईवाला, जळगाव एमआयडीसी

नाना, म्हणूनच तर म्हणतो, आधी लिहा. ती एक ओळ असती तर ती सहा वर्षं गेली नसती.

केळीबागायतदार, सावदा

तुमच्याकडे निदान चार पानांची ऑर्डर आहे. आमच्याकडे व्यापारी बांधावर येतो, भाव बऱ्हाणपूरच्या केळी बाजारात बोर्डावर लागतो तो, घड कापले, गाडी भरली, हातात वजनाची चिठ्ठी. त्यावर कोर्टाची ओळ कोण लिहिणार? बाईमाणसानं हट्ट धरला तर गाडी पुढच्या शेतात जाते.

मी एकच शिकले. गाडी हलायच्या आधी चेक घ्यायचा. परराज्यातल्या व्यापाऱ्याचा चेक मी सावद्याच्या शाखेत माझ्या खात्यात टाकला, तो परत आला. केस रावेरला लागली आणि त्याला इथे यावं लागलं. तिसऱ्या तारखेला पैसे घेऊनच आला.

वकील, अमळनेर

ताईंनी योग्य केलं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालानंतर चेक परतल्याच्या केससाठी चेक देणाऱ्याची बँक जिथे, तिथे जावं लागत होतं. 2015 च्या दुरुस्तीनं ते बदललं. आता चेक खात्यात भरला असेल, तर घेणाऱ्याचं खातं ज्या शाखेत, तिथलं कोर्ट. मुदती मात्र पाळा: बँकेकडून चेक परतल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्याला 15 दिवस, त्यानंतर महिन्याभरात तक्रार.

मिरचीवाला, नंदुरबार

बिल्टीचं कोणी बोललंच नाही. माझी मिरची वाटेत भिजली. बुकिंग नंदुरबारच्या ऑफिसात, आणि बिल्टीच्या पाठीमागे ‘फक्त मुंबई’. आता मुंबईला जायचं का?

वकील, अमळनेर

ट्रान्सपोर्ट ही कंपनी असेल आणि बुकिंग तिच्या नंदुरबार शाखेतलं असेल, तर केवळ मुख्य ऑफिस मुंबईत आहे म्हणून मुंबई पात्र ठरत नाही. पटेल रोडवेज खटल्यात 1991 मध्ये हेच झालं. तमिळनाडूतल्या बोडिनायकनूरहून दिल्लीला निघालेले वेलदोडे गोदामाच्या आगीत गेले, बिल्टीवर मुंबई होती, ते कलम टिकलं नाही. कागद घेऊन आधी नंदुरबारच्याच वकिलाला दाखवा.

चटईवाला, जळगाव एमआयडीसी

माझ्यासाठी एक वाट उरली आहे, ती इतरांनाही सांगतो. मी स्वतः माल बनवतो आणि उद्यम नोंदणी (लघु उद्योगाची सरकारी नोंदणी) जुनी आहे. 2006 च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याच्या कलम 18 प्रमाणे पुरवठादार जिथला, तिथल्या, थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या परिषदेकडे अर्ज करता येतो, खरेदीदार देशात कुठेही असो. 45 दिवसांनंतर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. अर्ज टाकला आहे.

मुनीम, धुळे

ते तुम्हाला लागू होईल. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला उशिराच्या पैशाची ही तरतूद मिळत नाही. आमच्या बाजारपेठेत तेच जास्त आहेत.

चटईवाला, जळगाव एमआयडीसी

मान्य. म्हणून त्यांनी तर ओळ लिहून घ्यायलाच हवी. काल इंदूरहून नवी ऑर्डर आली. या वेळी सगळी पानं वाचली. ‘फक्त इंदूर’ पेनानं खोडलं, वर ‘फक्त जळगाव’ लिहिलं, शेजारी सही केली आणि फोटो पाठवला. ‘विचारून सांगतो’ म्हणाले.

मुनीम, धुळे

काय उत्तर येतं ते लिहा. आणि आगाऊ किती मागितलेत?

चटईवाला, जळगाव एमआयडीसी

चाळीस टक्के.