लोडॅश पूर्णच काढून टाकू का? (अडतीच्या ॲपचा घोळ)

कट्टा_क्विंटल (लातूर)

राम राम मंडळी. ओळखीच्या एका अडत दुकानासाठी छोटं वेब ॲप करलोय, रिॲक्टमधी. मोंढ्यात माल आला की मुनीमजी शेतकऱ्याचं नाव, गाव, कट्टे, वजन, भाव टाकतेत आन संध्याकाळी तालुक्याप्रमाणं, म्हणजे औसा, निलंगा, रेणापूर, चाकूर अशी बेरीज निघते. सगळीकडं लोडॅश (जावास्क्रिप्टसाठी तयार फंक्शनची लायब्ररी) वापरलो, डिबाउन्स, ग्रुपबाय, समबाय, क्लोनडीप, शिकलो तसंच होतं म्हणून.

आता तीन भानगडी. ॲप मुनीमजीच्या जुन्या फोनवर उघडायला लई टाईम घेतंय. नाव शोधायच्या बॉक्सला ३०० मिलिसेकंदाचं डिबाउन्स लावलोय, म्हणजे टायपिंग थांबल्यावरच रिक्वेस्ट जावी, तरी प्रत्येक अक्षराला सर्व्हरला रिक्वेस्ट जातीच. आन तिसरी सगळ्यात वाईट, काल सोयाबीनच्या दोन नोंदी होत्या, १२.५ क्विंटल आन ८ क्विंटल, बेरीज आली १२.५८! मुनीमजी काही बोलले नाहीत, निस्तं वही उघडून २०.५ वर बोट ठेवले. मेल्याहून मेल्यासारखं झालं बगा.

मित्र म्हणतोय लोडॅश जुनं झालं, आता सगळं जावास्क्रिप्टमधीच आलंय, काढून टाक. काढू का?

गोदाकाठ

अरे कामून काढायलास, लोडॅशनं काय घोडं मारलं तुझं. १२.५८ नीट बघ, १२.५ ला ८ चिकटलाय निस्ता. इनपुटमधून जे येतं ते आकडा नसतं, स्ट्रिंग म्हणजे निस्ता मजकूर असती, आन समबाय आतून साधं प्लसच करतं, दोन स्ट्रिंगमधी प्लस म्हणजे जोडाजोड. लोडॅश काढून जावास्क्रिप्टचंच रिड्यूस लिहिलास आन सुरुवातीला शून्य दिलास तर ०१२.५८ येईल, एवढाच काय तो फरक. उलट ते शून्य दिसलं असतं तर तुला आधीच कळलं असतं, १२.५८ हे खऱ्या वजनासारखं दिसतं म्हणून फसलास.

नोंद सेव्ह करतानाच नंबर करून घे, बेरजेच्या वेळी नको. आन एक, मुनीमजी मराठी कीबोर्डवरून मराठी आकडे टाकत असतील तर साध्या टेक्स्ट बॉक्समधून आलेल्या त्या आकड्यांना जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन ओळखत नाही, नॅन (नॉट अ नंबर, म्हणजे आकडाच नाही) देतं. आधी एकेक अंक बदलून घ्यावा लागंल. आमच्याकडं असंच झालं होतं, पावतीवर रकमेच्या जागी नॅन छापून गेलं, गिऱ्हाईक विचारतंय हे काय हो रोटी का.

बीबी_का_बंडल (संभाजीनगर)

डिबाउन्सचं सांगतो. तू बहुतेक कॉम्पोनंटच्या (रिॲक्टमधला स्क्रीनचा एक तुकडा) आतच डिबाउन्स बनवतोयस. बॉक्समधे एक अक्षर पडलं की स्टेट बदलते, कॉम्पोनंट परत रेंडर होतो आणि नवीन डिबाउन्स फंक्शन तयार होतं, त्याचा टायमर वेगळा. जुन्याचा टायमर कोणी थांबवतच नाही, मग पाच अक्षरं म्हणजे पाच टायमर आणि पाचही आपापल्या वेळेला वाजणार. सर्च फंक्शन कॉम्पोनंटच्या बाहेर नेता येत असेल तर डिबाउन्स तिथंच एकदा बनव, नाहीतर यूजमेमोमधे ठेव (एकदा बनवलेलं रिॲक्ट जपून ठेवतं), आणि कॉम्पोनंट जाताना त्यावर कॅन्सल मार. तेवढ्यानं थांबेल.

साइझचं म्हणशील तर वरती अख्खं लोडॅश इम्पोर्ट केलंयस ना? ते मिनिफाय करून (मोकळी जागा वगैरे काढून) ७० केबीच्या आसपास, जीझिपनं दाबून २५ च्या आसपास जातं. तुला लागतात चार फंक्शन. लोडॅश स्लॅश डिबाउन्स असं एकेक घे, किंवा लोडॅश-ईएस टाक, म्हणजे बंडलर (सगळा कोड एकत्र बांधणारं टूल) नको ते झटकून टाकतो. पण खरं सांगू का, २५ केबीनं फोन एवढा रडत नाही, बंडल ॲनालायझर लावून बघ आत अजून काय बसलंय.

शेंगदाणा_चटणी

मित्राचंही अगदीच खोटं नाही हो. लोडॅशच्या आधीची तशीच लायब्ररी अंडरस्कोर २००९ ची आणि लोडॅश २०१२ चं, तेव्हा ब्राउझरमधे यातलं फारसं काहीच नव्हतं. आता लोडॅशच्या गेटऐवजी जावास्क्रिप्टचं प्रश्नचिन्ह-टिंब चालतं, पूर्ण कॉपी करणाऱ्या क्लोनडीपऐवजी स्ट्रक्चर्डक्लोन आहे. तारीख तारीखच राहते त्यात, जेसनची ट्रिक (मजकूर करून परत वाचायची) केली तर तिची स्ट्रिंग होते. फक्त ऑब्जेक्टमधे फंक्शन असेल तर ते सरळ एरर फेकतं.

ग्रुपबाय मात्र ठेवा. ऑब्जेक्ट डॉट ग्रुपबाय क्रोमला ११७ मधे आलं, म्हणजे २०२३ ला. मुनीमजींचा फोन जुना म्हणताय, त्यात क्रोम अपडेट होत नसेल तर पानच पांढरं पडेल. आणि लोडॅशचं व्हर्जन बघून घ्या, ४.१७.१२ च्या आधीच्या डिफॉल्ट्सडीपमधे २०१९ ला प्रोटोटाइप पोल्युशनचं (बाहेरच्या डेटानं सगळ्याच ऑब्जेक्टमधे गडबड करता येणारं) भगदाड सापडलं होतं. जुन्या ट्युटोरियलवरून पॅकेज फाइल उचलली असेल तर तेच बसलेलं असायचं.

कट्टा_क्विंटल (लातूर)

दादा लोकं, जमलं! बेरीज २०.५ आली, नंबर सेव्ह करतानाच केलो. डिबाउन्स यूजमेमोत टाकलो, आता 'बालाजी' ला एकच रिक्वेस्ट जातीय, नेटवर्क टॅब उघडून दहा वेळा टाईप करून बगितलो. ॲनालायझर लावलो तर लाजच वाटली, चार्टची एक लायब्ररी सापडली, लोडॅशच्या कितीतरी पट मोठी, आन ती एकाच पानावर लागती, जे मुनीमजी कधी उघडतच नाहीत. ते पान लेझी लोड केलो, म्हणजे उघडलं तरच लोड होतंय. लोडॅश राहिलं, एकेक फंक्शन घेऊन. व्हर्जन ४.१७.४ निघालं राव, वाढवलो.

आता मुनीमजीनं नवीनच काढलंय. नावं सॉर्टबायनं लावलो तर ज्ञानोबा ज मधीच बसतोय, जोतिबाच्या खाली. ते म्हणतेत वहीत ज्ञ शेवटी असतो, इथं कामून मधी आला. हे इथंच विचारू का नवीन धागा काढू?