मदत हवी आहे: चांदीच्या नाण्याचा फोटो राखेत घोळल्यासारखा येतो

नमस्कार मंडळी,

नाणी जमवतो, पण फोटोग्राफीत कच्चा लिंबू आहे. एक चांदीचं नाणं हातात धरून जरा कलतं केलं की झळाळी चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते, कडेला निळसर-सोनेरी छटा दिसते. फोटोत मात्र तेच नाणं मळकट, राखाडी. अदलाबदलीसाठी एकाला फोटो पाठवला, तर त्याचा पहिला प्रश्न, "घासून साफ केलंय का?" नाही हो! नाणं घासायचं नसतं एवढं तरी कळतं.

फोन ट्रायपॉडवर, नाणं पांढऱ्या कागदावर, दोन बाजूंना टेबल लॅम्प आणि त्यांच्यापुढे बटर पेपर. शिवाय खिडकीचा उजेड. बटर पेपर काढला की झळाळी येते, पण बारीक ओरखडेही असे उठतात की भिंगातूनसुद्धा तेवढे दिसत नाहीत. मग खरा फोटो कुठला? आणि नाणं किंचित लंबगोल का येतं?

नंतर एडिटिंग करून रंग चढवायचे नाहीत. समोरच्याला फसवल्यासारखं वाटतं.

प्रतिसाद १
आधी खिडकीचा पडदा ओढा. दिव्याचा उजेड पिवळा, खिडकीचा निळसर. दोन्ही एकत्र आले की व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांची जुळवणी) कुठला धरायचा हे फोनला कळत नाही. एकाच प्रकारचे दिवे लावा आणि ग्रे कार्डवर (ठरावीक राखाडी रंगाचा पुठ्ठा) व्हाइट बॅलन्स पक्का करा. राखाडीपणाचा मोठा गुन्हेगार तुमचा पांढरा कागद आहे. फ्रेममध्ये पांढरं जास्त असलं की कॅमेरा एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, कमी करतो. नाण्यावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा, मग थोडं वाढवा.

प्रतिसाद २
लंबगोलाचं कारण फोन तिरपा असणं. नाण्याच्या जागी छोटा सपाट आरसा ठेवा. लेन्सचं प्रतिबिंब स्क्रीनच्या बरोब्बर मध्यात दिसेपर्यंत फोन हलवा, की झालं. फार जवळही जाऊ नका. काही फोन जवळ गेल्यावर आपोआप वाइड लेन्सवर उडी मारतात. मागे सरून २एक्स झूम वापरा, टायमर लावा.

प्रतिसाद ३
बटर पेपरचं मी सांगतो. ठसा बसताना धातू मधून कडेकडे वाहतो आणि त्याच्या सूक्ष्म रेषा पृष्ठभागावर उरतात. तुमची फिरती झळाळी ती हीच. तिला नेमक्या दिशेने येणारा उजेड लागतो. बटर पेपर तो चहूकडे पसरवून टाकतो. म्हणून उघडे दिवे ठेवा, पण लेन्सच्या जवळ, उंच, घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी. आडवे ठेवलेत तर ओरखडे ओरडतील, तुमचं तेच झालंय.

छटांची गोष्ट वेगळी. चांदीवरच्या सल्फाइडच्या पातळ थरामुळे ते रंग दिसतात, आणि उजेड नाण्यावरून थेट लेन्समध्ये परतला तरच. नाण्याच्या वर ४५ अंशांत स्वच्छ काच धरा, एका बाजूने दिवा, समोरच्या बाजूला काळं कापड. काच उजेड खाली वळवते आणि फोन काचेतून पाहतो. यात ओरखडे मात्र जवळपास गायब होतात. म्हणून अदलाबदलीत मी नेहमी दोन्ही फोटो देतो, आणि दिवा कुठे होता तेही लिहितो. एका फोटोत अख्खं नाणं मावत नाही हो.

मूळ प्रश्नकर्ता
आरशाची युक्ती भन्नाट! फोन डावीकडे चांगलाच कलला होता, मला मात्र सरळ वाटत होता. नाणं काळ्या कागदावर ठेवून एक्स्पोजर लॉक केलं, तर राखही झटकली गेली. काचेखाली निळी कड पहिल्यांदाच फोटोत दिसली, फक्त प्रत्येक अक्षरामागे एक फिकट सावली येतेय. काच टेबलावरची, जाड आहे. त्यामुळेच का?

प्रतिसाद ३
हो, दोन्ही पृष्ठभागांवरून उजेड परततो. फोटो फ्रेमची पातळ काच घेऊन बघा.